मोकळी जमीन : गिरणगावच्या सहाशे एकरांची कहाणी

मराठवाड्यातल्या उमरीच्या बाजारात आलेल्या एखाद्या शेतकऱ्याला ‘तिकडे बरीच मोकळी जमीन आहे’ असे सांगितले, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मोकळी म्हणजे पडीक की गायरान? पडीक असेल तर तिचा सातबारा कोणाच्या तरी नावावर आहे. गायरान असेल तर तिच्यावर साऱ्या गावाची गुरे चरतात. पीक उभे नाही म्हणून जमीन कोणाचीच नाही, असे आपल्याकडे कोणी समजत नाही.

मुंबईच्या मध्यभागातल्या सुमारे ६०० एकर जमिनीचे भवितव्य मात्र याच एका शब्दावर ठरले. बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या आवारातली ‘मोकळी’ जमीन म्हणजे नेमकी कोणती, या प्रश्नावर सरकार, गिरणीमालक, कामगार, नगररचनाकार आणि न्यायालये झगडली. १९९१ ची नियमावली ते २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, अशी पंधरा वर्षे हा वाद चालला. त्याचे उत्तर आज परळ-लालबागच्या आकाशात काचेच्या मनोऱ्यांच्या रूपाने उभे आहे.

ही कहाणी मराठवाड्याला परकी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबाद ते मनमाड मीटरगेज लोहमार्ग झाला आणि गोदाकाठचा कापूस त्यावरून पश्चिमेकडे जाऊ लागला. मनमाडला मीटरगेजच्या वाघिणी रिकाम्या करून माल ब्रॉडगेजच्या वाघिणींत चढवावा लागे. तिथून पुढे मुंबईचा बाजार आणि मुंबईच्या गिरण्या. पुढे या जमिनींचा सर्वांत वादग्रस्त निर्णय झाला, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री लातूरच्या बाभळगावचे विलासराव देशमुख होते. म्हणून हा इतिहास आपण आपला म्हणून वाचायला हवा.

भोंग्यांचे गाव

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला सूत निघू लागले. थोड्याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाचे भाव गगनाला भिडले आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे अमाप पैसा आला. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, अनेक पेढ्या बुडाल्या. तरी शहराला कापसाच्या धंद्याची आणि मोठ्या भांडवलाची सवय लागली होती. पुढच्या काही दशकांत गिरण्यांची रांगच उभी राहिली.

तेव्हाचे शहर म्हणजे फोर्ट आणि त्याच्या आसपासची दाट वस्ती. परळ, लालबाग, वरळी, प्रभादेवी ही शहराबाहेरची ठिकाणे, भातखाचरांची आणि माडांची. जमीन स्वस्त होती. काही गिरण्यांना ती सरकारकडून किंवा नगरपालिकेकडून भाडेपट्ट्याने मिळाली. उद्योग उभा राहावा, हाताला काम मिळावे, शहर वाढावे हा त्यामागचा हेतू. म्हणजे मालकीचा कागद कंपनीच्या नावावर असला तरी त्या जमिनीत पहिल्यापासूनच लोकहिताचा एक हिस्सा मिसळलेला होता. वाद पेटला तेव्हा ही गोष्ट वारंवार पुढे आली.

कामाला माणसे आली ती मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून. चाळीतल्या एका खोलीला गाळा म्हणत आणि एका गाळ्यात दहापंधरा पुरुष राहत. पहिल्या पाळीचे उठून गेले की त्याच जागेवर तिसऱ्या पाळीचे येऊन आडवे होत. बायकापोरे गावी, म्हणून जेवायला खानावळ. खानावळ चालवणारी बाई पहाटे चुलीपुढे बसे, भोंग्याच्या आधी डबे तयार ठेवी आणि पगाराच्या दिवशी हिशेब घेई. या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणीचे अर्थकारण गेटच्या आत संपत नव्हते, ते असे गल्लोगल्ली पसरले होते.

या वस्तीला लोक गिरणगाव म्हणू लागले आणि ते खरोखरच गाव होते. भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव, तमाशाचे फड, वाचनालये तिथे होती. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेखांची शाहिरी इथल्याच श्रोत्यांपुढे तळपली, नारायण सुर्व्यांची कविता इथेच घडली. १९२८ चा सहा महिन्यांचा संप याच वस्तीने केला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रस्त्यावर उतरलेल्यांतही गिरणी कामगार आघाडीवर होते. मराठवाडा ज्या महाराष्ट्रात नांदतो, त्याच्या पायात या वस्तीचे रक्त आहे.

गिरणीच्या आवाराची रचनाही ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढचे सारे राजकारण तिच्याभोवती फिरले. गिरणी उंच नसते, ती आडवी पसरते. करवतीच्या दात्यांसारख्या छपरांच्या लांबच लांब शेड, त्यांत साचेखाते, सूतखाते. बाजूला गाठींची गोदामे, बॉयलर, धुरांडे आणि पाण्याचा तलाव. आवार पंधरा एकरांचे असले तरी त्यातला बहुतेक भाग अशा बैठ्या छपरांखाली असे. उघडे आकाश दिसेल अशी जागा थोडीच.

संप आणि शांतता

१९७० च्या दशकापर्यंत गिरण्या थकल्या होत्या. मालकांनी नफा इतर धंद्यांत वळवला, यंत्रे जुनी राहिली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात निघू लागले. कामगारांचा पगार इतर उद्योगांच्या मानाने मागे पडला. त्यात १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे वाटाघाटीचा हक्क एकट्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता आणि बहुसंख्य कामगारांचा त्या संघटनेवरचा विश्वास उडाला होता. १९८१ च्या दिवाळीच्या आसपास बोनसचा वाद चिघळला, तेव्हा कामगार स्वतःहून कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या दारी गेले आणि नेतृत्व करा म्हणाले.

१८ जानेवारी १९८२ ला सार्वत्रिक संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. हा संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. महिने उलटले, वर्ष उलटले. कोणी गावी जाऊन शेतीला लागले, कोणी भाजीची गाडी टाकली, कोणी वॉचमन झाले. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने १३ गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण कमी माणसांवर. एक लाखाहून जास्त कामगारांना कामावर परत जाता आले नाही.

घराघरांतली ही पडझड जयंत पवारांनी ‘अधांतर’ या नाटकात मांडली. जमिनीच्या दृष्टीने पाहिले, तर शहराच्या नकाशावर तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली होती. फोर्टपासून थोड्याच अंतरावर, पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या दोन मार्गांच्या मधोमध, सुमारे ६०० एकर जमीन निपचित पडली होती. तिच्यावर ५८ गिरण्या होत्या. त्यांतल्या २५ केंद्राच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, एक राज्याच्या महामंडळाची आणि उरलेल्या खासगी. सूत काढून जेवढे मिळत होते, त्याच्या कित्येक पट किंमत आता नुसत्या जागेला होती.

१९८९ मध्ये बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांनी दत्ता इस्वलकरांच्या पुढाकाराने संघर्ष समिती उभी केली. त्यांची पहिली मागणी गिरण्या चालू करा ही होती. पुढे तिला दुसरी जोडली गेली : जमीन विकणार असाल तर त्यात आमचा वाटा धरा.

१९९१ : एक तृतीयांशाचा नियम

पहिले उत्तर सरकारने १९९१ मध्ये दिले. बृहन्मुंबईच्या नव्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. तोवर गिरणीची जमीन उद्योगासाठी राखीव होती. नव्या नियमाने तिचा वापर बदलायला परवानगी दिली आणि त्यासाठी अट घातली. जुने बांधकाम पाडून जमिनीचा विकास करायचा, तर ढोबळ मानाने तिचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मैदाने, उद्याने आणि सार्वजनिक सोयींसाठी, दुसरा म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि तिसरा मालकाला विकसित करण्यासाठी. विक्रीतून येणाऱ्या पैशातून कामगारांची देणी भागवायची आणि गिरणी पुन्हा उभी करायची, अशीही अपेक्षा होती.

कागदावर हा नियम न्याय्य होता. शहराला श्वास घ्यायला जागा, गरिबाला घर, मालकाला भांडवल आणि कामगाराला थकबाकी, असे चौघांचे समाधान त्यात होते. पण त्यात एक पळवाटही होती. वाटणी बांधकाम पाडले तरच लागू होई. शेड तशीच ठेवून आतून बदलली, तर काहीच द्यावे लागत नसे. साहजिकच बहुतेक मालकांनी पाडापाडी केली नाही. जुन्या छपरांखाली कचेऱ्या, दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे येऊ लागली. त्याच सुमारास देशात उदारीकरण आले, परदेशी कंपन्या कचेऱ्यांसाठी जागा शोधू लागल्या. १९९५ च्या आसपास मुंबईतले जागांचे भाव जगातल्या सर्वांत महाग शहरांशी स्पर्धा करत होते. अशा वेळी दोन तृतीयांश जमीन हातची सोडायला कोण तयार होणार? नियम होता, पण महापालिकेच्या आणि म्हाडाच्या पदरात जमीन जवळजवळ पडलीच नाही.

१९९६ : जो आराखडा कपाटात राहिला

या कोंडीतून वाट काढण्यासाठी राज्य सरकारने १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. नवी मुंबईच्या कल्पनेचे एक जनक म्हणून कोरिया ओळखले जात. खासगी मालकांनी त्यांना सहकार्य केले नाही, म्हणून गटाने मुख्यतः राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांचा विचार केला.

त्यांनी मांडलेला विचार साधा होता. प्रत्येक गिरणीची वेगळी वाटणी केली, तर शहराच्या वाट्याला ठिकठिकाणचे तुकडे येतील. एका तुकड्यावर धड मैदान होणार नाही, दुसऱ्यावर धड शाळा होणार नाही. त्याऐवजी सगळ्या गिरण्यांची जमीन एकत्र धरून आखणी करा. कुठे मोठे उद्यान, कुठे घरे, कुठे कचेऱ्या आणि कुठे रस्ते, हे एकदाच ठरवा. आपल्याकडे वाटण्यांनी तुकडे झालेल्या शेताचे एकत्रीकरण करतात, त्याच जातीची ही युक्ती होती.

या आराखड्यातली एक सूचना आज वाचताना मन सुन्न होते. परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड ही दोन स्थानके एकमेकांना लागून. एक मध्य रेल्वेचे, दुसरे पश्चिम रेल्वेचे. या भागात कचेऱ्या येणार म्हणजे लाखो माणसे येथे उतरणार. तेव्हा स्थानकांच्या लगतच्या गिरण्यांच्या जागेत पायी चालणाऱ्यांसाठी ऐसपैस चौक मोकळा ठेवा, असे कोरियांनी सुचवले होते.

आराखडा सरकारला सादर झाला आणि तिथेच थांबला.

त्याच दशकात लंडनमध्ये बंद पडलेल्या गोद्यांची जमीन नव्याने घडत होती. तिथे १९८१ मध्येच सरकारने एक स्वतंत्र विकास महामंडळ नेमून जमीन त्याच्या हाती दिली होती. त्या प्रयोगावरही टीका झाली, जुन्या गोदी कामगारांच्या वस्त्यांना डावलल्याचा ठपका आला. पण रस्ते, रेल्वे आणि इमारती यांचा विचार एका ठिकाणी करणारी यंत्रणा तिथे होती. मुंबईत अशी यंत्रणा कधी निर्माणच झाली नाही. ५८ गिरण्या आणि ५८ निर्णय, असाच कारभार राहिला.

२००१ : एका शब्दाची किंमत

२००१ मध्ये राज्य सरकारने नियम ५८ बदलला. सरकारची बाजू अशी होती : दहा वर्षांत जुन्या नियमाने जमीन बाहेर आली नाही, गिरण्या आजारी आहेत, बँकांची आणि कामगारांची देणी थकली आहेत, तेव्हा मालकांना जमीन विकसित करणे परवडेल असा नियम हवा. ही बाजू पोकळ नव्हती. पाच-पाच, दहा-दहा वर्षे देण्यांची वाट पाहणाऱ्या कामगाराला जमीन विकली जाणे म्हणजे हातात काही रक्कम पडणे होते आणि मान्यताप्राप्त संघटनेचाही कल विक्रीकडे होता.

पण बदलाचा गाभा एका शब्दात होता. यापुढे तीन वाटे होणार ते फक्त आवारातल्या ‘मोकळ्या’ जमिनीचे. ज्या जमिनीवर शेड उभी होती, ती पाडल्यावर मोकळी होणारी जागा या वाटणीत धरायची नाही.

हिशेब मांडून पाहू. समजा, एका गिरणीचे आवार १५ एकरांचे आहे. त्यातल्या १२ एकरांवर छपरे आहेत आणि ३ एकर उघडे आहेत. १९९१ च्या नियमाने बांधकाम पाडले, तर १५ एकरांचे तीन वाटे : सुमारे ५ एकर शहराला, ५ एकर परवडणाऱ्या घरांना, ५ एकर मालकाला. २००१ च्या नियमाने तीन वाटे होतील ते फक्त ३ एकरांचे : एक एकर शहराला, एक घरांना, आणि मालकाकडे १३. गिरणी बैठी असते, आडवी पसरते, हे वर सांगितले ते यासाठी. जेवढी छपरे जास्त, तेवढा लोकांचा वाटा कमी. साऱ्या गिरण्यांचा हिशेब केला, तर मैदानांसाठी मिळू शकणारी जमीन शंभराहून अधिक एकरांवरून खूपच खाली येत होती. घरांच्या वाट्याचेही तेच.

इतका मोठा बदल झाला आणि शहराला त्याचा अर्थ उमगायला काही वर्षे लागली. नियमाची भाषा क्लिष्ट होती. ज्यांचे पोट तिच्यावर अवलंबून होते, त्यांच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही.

२००५ : लिलाव, पाऊस आणि न्यायालय

२००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. ज्युपिटर २७६ कोटी, अपोलो १८० कोटी, एल्फिन्स्टन ४४१ कोटी, दादरची कोहिनूर क्रमांक ३ ही ४२१ कोटी आणि मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटी. एकूण सुमारे २,०२० कोटी रुपये. या आकड्यांनी शहराचे डोळे उघडले. ज्याला लोक भंगार गिरण्या म्हणत होते, ते सोने होते.

त्याच वर्षी श्याम चैनानी यांच्या बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मुद्दा एकच : शेड पाडल्यावर जी जागा रिकामी होते, ती मोकळी नाही तर काय आहे?

सुनावणी चालू असतानाच २६ जुलै २००५ चा पाऊस आला. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. शहर बुडाले, शेकडो माणसे गेली. पाणी मुरायला जमीन कुठे उरली आहे, हा प्रश्न त्यानंतर तज्ज्ञांपुरता राहिला नाही. गळाभर पाण्यातून घरी गेलेल्या प्रत्येकाचा तो प्रश्न झाला.

१७ ऑक्टोबर २००५ ला मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. मोकळ्या जमिनीत बांधकाम पाडल्यानंतर रिकामी होणारी जमीनही धरावी लागेल, असे त्यांनी ठरवले. शहराचा वाटा पुन्हा जुन्या मापाने मोजला जाणार होता. महामंडळाने केलेल्या विक्रीवरही या निकालाने घाव घातला.

हा आनंद पाच महिन्यांचा ठरला. मालक आणि महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले. बॉम्बे डाइंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल ७ मार्च २००६ ला न्यायमूर्ती एस. बी. सिन्हा आणि न्यायमूर्ती पी. पी. नावलेकर यांनी दिला. २००१ चा नियम वैध आहे आणि मोकळी जमीन म्हणजे आधीपासून उघडी असलेलीच, असा अर्थ कायम झाला. आजारी गिरण्यांचे पुनर्वसन, बँकांची कर्जे आणि कामगारांची देणी यांचा तोल सरकारने साधला आहे आणि धोरण ठरवणे हे सरकारचे काम आहे, असा या निकालाचा रोख होता.

मनोऱ्यांखाली

त्यानंतर पाडकामाला वेग आला. साचे उचकटून भंगारात गेले, शंभर वर्षांची सागवानी तुळई लाकूडबाजारात गेली. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टनच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले. कोहिनूरच्या जागी उंच इमारत चढली. ७०२ कोटींना घेतलेली मुंबई टेक्स्टाइलची जमीन खरेदीदार कंपनीने २०१२ मध्ये पुढे विकली, तेव्हा तिला २,७२७ कोटी रुपये मिळाले. मधल्या सात वर्षांत जी किंमत वाढली, त्यातला किती वाटा त्या शहराचा आणि तिथे राबलेल्यांचा, हे कोणत्याही कराराने विचारले नाही.

कामगारांच्या घरांची लढाई त्यानंतरही चालू राहिली. २८ जून २०१२ ला म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. २०१६ मध्ये आणखी २,६३४ घरांची, १ मार्च २०२० ला ३,८९४ घरांची. घरे प्रत्येकी सुमारे २२५ चौरस फुटांची. प्रत्येक किल्लीमागे तीस-चाळीस वर्षांचे मोर्चे आणि धरणी होती आणि त्या यशाचे मोल कमी लेखता येणार नाही. या संघटित आग्रहाशिवाय एवढीही घरे मिळाली नसती. पण अर्ज करणाऱ्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. दत्ता इस्वलकर एप्रिल २०२१ मध्ये गेले, तेव्हाही बहुतेक अर्जदार प्रतीक्षेतच होते.

शहराने काय गमावले, ते २०१७ मध्ये दोनदा दिसले. २९ सप्टेंबरच्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. भोवतालच्या गिरण्यांत कचेऱ्या आल्या, कर्मचाऱ्यांचे लोंढे आले, पण जिना जुनाच राहिला. इथेच मोकळा चौक ठेवा, असे २१ वर्षांपूर्वी कोरियांनी सांगितले होते. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण गेले. गिरणीच्या दाटीवाटीच्या आवारात तुकड्यातुकड्याने वसवलेल्या नव्या वस्तीची ती किंमत होती.

जिथे लोकांनी जमिनीवर हक्क सांगितला आणि तो सोडला नाही, तिथे वेगळेही घडले. चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलच्या सुमारे १२ एकर जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मारक व्हावे, यासाठी आंबेडकरी जनतेने आंदोलन केले, डिसेंबर २०११ मध्ये आवारात प्रवेश करून ठाण मांडले. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने जमीन स्मारकासाठी देण्याचे मान्य केले आणि ११ ऑक्टोबर २०१५ ला भूमिपूजन झाले. गिरणीची सगळी जमीन सार्वजनिक कामाला देता येते, हे यातून सिद्ध झाले. प्रश्न इच्छेचा आणि दबावाचा होता.

काय शिकायचे

या इतिहासात एकच खलनायक शोधला, तर हाती काही लागणार नाही. १९९१ चा नियम उदार होता, पण पाडकामाशी वाटणी बांधल्यामुळे तो निष्फळ ठरला. २००१ च्या बदलाने जमीन हलली, पण लोकांचा वाटा आटला. न्यायालयांनी प्रामाणिकपणे अर्थ लावला आणि दोन न्यायालयांनी दोन अर्थ लावले, कारण मूळ मजकुरातच धोरणाची गाठ सुटलेली नव्हती. आणि कामगारांना नेहमी दोन हक्कांतला एक निवडावा लागला : आज थकबाकी, की उद्या घर आणि मैदान.

माझ्या मते चूक पहिल्याच पावलावर झाली. सरकारने जमीन आधी मोजली आणि तिच्यावरचे हक्क नंतर. शेवटचा भोंगा वाजला त्या दिवशी भाव कमी होते, तेव्हाच कामगारांचे घर, शहराचे मैदान, स्थानकाचा चौक आणि बँकेचे कर्ज यांची एक यादी करून सारी जमीन एका आराखड्यात बांधता आली असती. आपण भाव चढेपर्यंत थांबलो, आणि भाव चढल्यावर नियम बदलणाऱ्यांचे बळ राहणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठे झाले.

मराठवाड्यातली शहरे आता वाढत आहेत. नांदेडमध्येही उस्मानशाही मिल होती. पुढे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि तिचाही भोंगा थांबला. जिनिंगची जुनी आवारे आणि गोदामे आपल्या तालुक्यांच्या गावांतही आहेत. त्यांच्या भिंतीपलीकडे आज गवत माजलेले दिसते. उद्या तिथे काय उभे राहायचे याची चर्चा होईल, तेव्हा कागदावरचा ‘मोकळी’ हा शब्द कोणी, कोणत्या अर्थाने लिहिला आहे, ते पहिल्या दिवशी वाचायला हवे.

गिरणी कामगारांच्या घरासाठी अर्ज करताना एक पुरावा लागे. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर आपण गिरणीच्या हजेरीपटावर होतो, हे दाखवावे लागे. म्हणून सत्तरी उलटलेली माणसे, आणि ती नसतील तर त्यांच्या विधवा आणि मुले, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन रांगेत उभी राहिली : तिकीट नंबराचा पास, ईएसआयचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची पावती, घडी पडून फाटत आलेली. जमिनीचे तीन वाटे करणाऱ्या नियमाने त्या जागेवरची छपरे मोजली आणि उघडे आकाश मोजले. त्या छपरांखाली कोण उभे होते, याची नोंद या पिशव्यांत होती.